देठ गोल की चौकोनी?

वडीसाठी अळू घेताना आपण पानाआधी देठ पाहतो. बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये पावसाळ्यात अळूच्या जुड्या येऊ लागल्या की काळ्या देठाची जुडी वडीला आणि हिरव्या देठाची फदफद्याला, ही निवड आमच्या दांडिया बाजारातल्या घरांतून सहज होते. शेजारी त्याच पानांचा पात्रा करतात. अळूच्याच कुलातली एक परदेशी वनस्पती ओळखण्याची वेळ आली, तेव्हा ही देठाकडे पाहण्याची सवय मला फार उपयोगी पडली.

मावशीने रोपवाटिकेतून एक कुंडी आणली होती. हृदयाच्या आकाराची गडद हिरवी मखमली पाने, त्यांवर चांदीसारख्या पांढऱ्या शिरा आणि कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर ‘अँथुरियम क्रिस्टलायनम’ हे नाव. नाव खरे असेलही. पण अशाच चेहऱ्याच्या आणखी दोन जाती बाजारात सर्रास मिळतात, आणि केवळ छायाचित्रावरून त्यांतला फरक सांगणे धाडसाचे ठरते.

आधी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, नक्की केली. पान उजेडासमोर धरले, तेव्हा बारीक शिरांची जाळी आणि पानाच्या कडेला समांतर धावणारी एक जोडशीर दिसली. पाते जिथे देठाला मिळते त्याच्या किंचित खाली देठाला फुगीर सांधा होता. तिथून पान उजेडाकडे वळते. ही अँथुरियमची लक्षणे आहेत. सुदैवाने झाडाला उंदराच्या शेपटीसारखे एक कणिसही आले होते. या कुलात अनेक बारीक फुले एका जाड दांड्यावर दाटीने बसतात; त्या दांड्याला स्थूलकणिश आणि त्याच्या तळाशी असलेल्या पानासारख्या आवरणाला महाछद म्हणतात. भिंगातून पाहिले तर प्रत्येक फुलाला चार दले दिसतात आणि त्याच फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात. याच कुलातल्या फिलोडेंड्रॉन या प्रजातीत मात्र मादीफुले खाली आणि नरफुले वर, अशी विभागणी असते.

त्यानंतर देठ. वाळत आलेल्या पानाचा देठ ब्लेडने आडवा कापला. क्रिस्टलायनमचा देठ साधारण गोल असतो, तर दुसरी जात, मॅग्निफिकम, हिच्या देठाला उभ्या कडा असल्याने त्याचा छेद चौकोनी दिसतो. तिसरी जात, क्लॅरिनर्वियम, हिची पाने जाड पुठ्ठ्यासारखी असतात आणि ती मेक्सिकोतील चियापासच्या चुनखडकांवर वाढते. तिला लगेच बाजूला ठेवता आले. आमच्या देठाला कडा होत्या, पण बोथट. कुंड्यांमधून वाढणाऱ्या क्रिस्टलायनम आणि मॅग्निफिकम यांचा एकमेकांशी सहज संकर होतो, हे लक्षात घेता या बोथट कडांमुळे हे रोप संकर असावे असा माझा संशय बळावला.

अँथुरियमच्या सुमारे हजार जाती ज्ञात आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातील. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारांवर, साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात, ढग झाडांच्या शेंड्यांत येऊन अडकतात. या मेघवनात पाऊस न पडताही पानांवर, शेवाळावर आणि फांद्यांवर धुक्याचे थेंब साचून खाली ठिबकत राहतात, आणि उघड्यावर ठेवलेल्या पर्जन्यमापकात या पाण्याची नोंद होत नाही. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या रानातून चाललेल्या माणसाला याची थोडी कल्पना येईल. फरक एवढाच की तिथे हे वर्षातले बरेच महिने चालते. अशा जंगलात अनेक अँथुरियम माती सोडून झाडांच्या फांद्यांवर राहतात. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते, जे आलेले पाणी झटकन शोषून घेते. जंगलाच्या तळाशी उजेड कमी असतो. तिथे वाढणाऱ्या जातींच्या मखमली पानांच्या वरच्या थरातल्या पेशी घुमटासारख्या फुगीर असतात, आणि पानाचा मखमली पोत त्यांच्यामुळेच दिसतो.

अँडीजमधल्या कित्येक जाती एखाद्याच दरीपुरत्या किंवा उताराच्या अरुंद पट्ट्यापुरत्या मर्यादित असतात. म्हणून रोप कुठल्या उंचीवर, कुठल्या उतारावर सापडले ही माहिती तज्ज्ञाला पानाइतकीच मोलाची वाटते. एक लाखाहून अधिक नमुने गोळा करणारे अमेरिकेतील मिसूरी वनस्पतिउद्यानातील टॉमस क्रोट हे या कुलाचे जाणकार. अळू कुलातल्या वनस्पतींचे जाडजूड देठ दाबून वाळवले की चपटे होतात आणि त्यांच्या कडा हरवतात. त्यामुळे ताज्या देठाच्या छेदाचा आकार जागेवरच टिपून ठेवावा लागतो.

फूल न पाहता नाव देण्याची अडचण आपल्या घरोघरच्या मनीप्लांटनेही दाखवली आहे. १८८० मध्ये त्याची गणना पोथोस प्रजातीत झाली. तो क्वचितच फुलत असल्याने पुढे त्याला एका प्रजातीतून दुसरीत हलवले गेले, आणि १९६४ मध्ये एपिप्रेम्नम ऑरियम हे नाव मिळाले.

मेच्या बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा कोरडी होते. मावशीची कुंडी तेव्हा न्हाणीघराच्या खिडकीत, अंघोळीच्या वाफेत ठेवलेली असते, आणि तरीही नव्या पानाची कड करपतेच. जुनी चिठ्ठी काढून मी दुसरी लावली आहे: ‘अँथुरियम, बहुधा संकर. देठ बोथट चौकोनी. मूळ ठिकाण नोंदलेले नाही.’