‘सर्व्हर डाऊन हाये, काकाजी’

कापूस वेचणीचे दिवस, अर्जाची शेवटची तारीख आणि सेवा केंद्राच्या दाराबाहेर गेलेली रांग. आतून पोराचा आवाज येतो, "सर्व्हर डाऊन हाये, काकाजी. उद्या या." यवतमाळकडच्या आमच्या गावात हे इतक्यांदा ऐकलं, की परवा मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन स्क्रीनच बघितली. तिथे आकडा होता ४१३. म्हणजे सर्व्हर चांगला जागा होता. बंद असता तर हा आकडा धाडला कोणी? (निरोप आत-बाहेर पोचवणारा दारावरचा सर्व्हर जागा आणि खरं काम करणारा आतला झोपलेला, असंही होतं. तेव्हा बहुधा ५०२ दिसतो.)

ब्राउझर आणि सर्व्हर एचटीटीपीच्या नियमांनी बोलतात. १९९६ सालच्या त्याच्या १.० आवृत्तीतही अशा तीन अंकी आकड्यांची पद्धत आहे. पहिला अंक ४ असेल तर खोट पाठवलेल्या मजकुरात, ५ असेल तर सर्व्हरकडे. उद्या यायचं की आत्ताच काही करायचं, हे एवढ्यावरून बरंचसं कळतं.

४१३ म्हणजे ओझं जास्त झालं. मोबाइलने काढलेला सातबाऱ्याचा फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. एनजिनएक्स नावाचा सर्व्हर मात्र, कोणी मर्यादा वाढवली नसेल तर, १ एमबीच्या वरचं काही आतच घेत नाही. बऱ्याच वेबसाइट जिच्यात लिहितात त्या पीएचपी भाषेची मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या अर्जाला ८ एमबी. ही दुसरी ओलांडली की गंमत होते. पीएचपी फोटोबरोबर भरलेली सगळी माहितीच टाकून देते, आणि मग पान सांगतं, ‘नाव भरा’. नाव तर भरलेलं असतं! पोरगा तेच नाव चारदा टाइप करतो. फोटोकडे कोणी बघत नाही. खरं तर फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली की पिक्सेल चौथाईवर येतात आणि अक्षरं बहुतेक वेळा वाचता येतात. परवाचा अर्ज तसाच गेला.

दुसरी अडचण वेळेची. जिनिंगवर कापसाच्या गाडीला टोकन देतात, तसं फॉर्म उघडताना सर्व्हर एक गुप्त टोकन त्यात ठेवतो. अर्ज त्याच्याच पानावरून आला, हे त्यावरून ताडता येतं. पीएचपीत सर्व्हरकडच्या या टोकनाच्या नोंदीची मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. नंतर ती कधीही पुसली जाऊ शकते. काकाजी बँकेचं पासबुक आणायला घरी गेले, की परत येईपर्यंत टोकन शिळं, आणि समोर ४०३ किंवा ४१९. पान नव्याने उघडल्याशिवाय इलाज नाही. सगळे कागद हाताशी ठेवूनच फॉर्म उघडलेला बरा.

५०४ला मात्र हात आवरावा. दारावरचा सर्व्हर आतल्याची वाट पाहून, एनजिनएक्समध्ये मुळात ६० सेकंद, कंटाळतो आणि ५०४ धाडून मोकळा होतो. आतलं काम तेव्हाही चालूच असू शकतं. अर्ज नोंदला गेला असेल, पैसेही कटले असतील, फक्त निरोप बाहेर आला नाही. तेव्हा आधी मोबाइलवरचा मेसेज आणि ‘माझे अर्ज’ बघायचं, मग बटण. गेल्या साली आमच्याकडे एकाच अर्जाच्या दोन पावत्या निघाल्या त्या अशाच. दुसरीचे पैसे अजून यायचे आहेत.