पार्श्वभूमी : टॅग पक्का का राहत नाही

बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. गिऱ्हाइकाकडे ‘३.२’ ही आवृत्ती बसवलीय अशी वहीत नोंद असते, पण त्याच्या मशीनवरचं ३.२ आणि ऑफिसातल्या रिपॉझिटरीतलं (कोड त्याच्या इतिहासासकट साठवणाऱ्या कोठारातलं) ३.२ जुळत नाही. निपाणीच्या दुकानात बिल नीट निघतं, गडहिंग्लजला तेच बिल बिघडतं. दोष बहुतेक वेळा नव्याने लागलेल्या पोरांवर जातो. माझ्या मते तो अन्याय आहे. या गोंधळाचं मूळ अवजारांच्या इतिहासात आहे, त्यातही २००० ते २००४ या काळात घेतल्या गेलेल्या एका निर्णयात. ब्रँच आणि टॅग रोज वापरणाऱ्यांना त्यांची व्याख्या पुन्हा सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: ब्रँच म्हणजे मूळ कोडापासून फुटून वेगळी चालणारी शाखा, टॅग म्हणजे एखाद्या ठरावीक आवृत्तीला लावलेली नावाची खूण. प्रश्न एवढाच आहे की ‘हा कोड आम्ही दिला’ असं सांगणारी खूण हलू शकते ती का.

जुना काळ थोडक्यात आटोपता येतो. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या एका टेलिफोन प्रयोगशाळेत एससीसीएस हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं अवजार तयार झालं. १९८२ च्या सुमारास तिथल्याच एका विद्यापीठातून आरसीएस आलं. दोन्ही एकेका फाइलचा इतिहास सांभाळायची. १.२ मधून फुटलेल्या ब्रँचवरच्या पहिल्या बदलाला १.२.१.१ असा नंबर पडायचा, म्हणजे ब्रँच कुठून निघाली ते नंबरातच दिसायचं. आरसीएसमध्ये एखाद्या आवृत्तीला नाव चिकटवता येऊ लागलं. आजच्या टॅगचं मूळ तेच.

१९८६ मध्ये आरसीएसभोवती लिहिलेल्या काही स्क्रिप्ट्समधून सीव्हीएस जन्मलं आणि १९९० मध्ये सी भाषेत नव्याने लिहिलेली त्याची आवृत्ती बाहेर पडली. आता अख्ख्या प्रोजेक्टवर एका कमांडीत टॅग मारता येत होता. पण आतून काम जुन्याच पद्धतीने चालायचं. टॅगचं नाव प्रत्येक फाइलच्या इतिहासात वेगवेगळं लिहिलं जायचं, त्यामुळे हजारो फाइलींचा प्रोजेक्ट असेल तर टॅग मारायला तेवढा वेळ लागायचा. त्याच वेळी दुसऱ्या कुणाचं कमिट (आपले बदल रिपॉझिटरीत नोंदवणं) चालू असलं तर त्यातल्या निम्म्या फाइली टॅगमध्ये यायच्या, निम्म्या राहून जायच्या. नावात टिंब चालत नसे, म्हणून ३.२ ला ‘रिलीज_३_२’ असं लिहावं लागे. आणि कमांडीत ‘-एफ’ हा पर्याय दिला की टॅग उचलून दुसरीकडे नेता यायचा. कुणी नेला, कधी नेला, याची नोंद इतिहासात उरत नसे. मर्जची, म्हणजे एका ब्रँचमधले बदल दुसरीत मिसळल्याची, आठवणही सीव्हीएस ठेवत नसे. एकदा ब्रँच मर्ज केल्यावर पुढच्या खेपेला कुठून सुरुवात करायची, हे कळावं म्हणून मर्जच्या जागी हाताने आणखी एक टॅग मारायचा असा रिवाज होता. विसरला की तेच बदल पुन्हा येऊन कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांचा, ढीग पडायचा.

ही दुखणी दूर करण्यासाठी २००० मध्ये सबव्हर्जन या नव्या अवजाराचं काम सुरू झालं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. निम्मीअर्धी कमिटं बंद झाली. प्रत्येक कमिटला अख्ख्या रिपॉझिटरीसाठी एकच चढता नंबर मिळू लागला. या भागातल्या विंडोज मशीन असलेल्या ऑफिसांत खऱ्या अर्थाने पोहोचलेलं पहिलं अवजार हेच. फोल्डरवर उजवं क्लिक केलं की कमिट करता यायचं, त्यामुळे काळ्या खिडकीत कमांड टाइप करायला बिचकणारी माणसंही ते वापरू लागली.

इथेच तो निर्णय येतो. सबव्हर्जनच्या रचनाकारांनी ब्रँच आणि टॅग या दोन्ही संकल्पना अवजारातून काढून टाकल्या. त्यांच्या जागी एकच गोष्ट ठेवली: स्वस्त कॉपी. अख्खा प्रोजेक्ट कॉपी केला तरी फाइली खरोखर दुप्पट होत नाहीत, मूळच्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद तेवढी होते. ‘ब्रँचेस’ फोल्डरात कॉपी ठेवली की ती ब्रँच, ‘टॅग्ज’मध्ये ठेवली की टॅग. फरक फक्त फोल्डरच्या नावात. अवजाराला तो कळत नाही.

यामागचा विचार उथळ नव्हता, हे मान्य करायला हवं. सीव्हीएसमध्ये टॅग हलला तर मागमूस राहत नसे. सबव्हर्जनमध्ये टॅगच्या फोल्डरात कुणी ढवळाढवळ केली तर त्याचं नाव, तारीख, वेळ लॉगमध्ये (कमिटांच्या नोंदवहीत) सापडते. चुकून उडवलेला टॅग परत आणता येतो. टॅग मारायला लागणारा वेळ प्रोजेक्ट केवढा आहे यावर अवलंबून राहत नाही. एका यंत्रणेत दोन कामं भागली, कोड सुटसुटीत झाला. कागदावर हे सगळं देखणं आहे.

पण टॅगमध्ये कमिट करायला अवजाराने हरकत घेतली नाही, आणि मला हीच या रचनेतली मोठी चूक वाटते. गिऱ्हाइकाचा फोन येतो, दुरुस्ती घाईची असते, चेकआउट (रिपॉझिटरीतून आपल्या मशीनवर उतरवलेली प्रत) टॅगचं उघडं असतं. माणूस तिथेच ओळ बदलतो, कमिट करतो, पेन ड्राइव्ह घेऊन निघतो. लॉगमध्ये नोंद पडते, पण टॅगचा लॉग बघतो कोण? तो कधीच बदलणार नाही असंच सगळे धरून चालतात. त्यात आणखी एक फट होती. सर्व्हरवरून सर्व्हरवर कॉपी करण्याऐवजी आपल्या मशीनवरच्या चेकआउटवरून टॅग मारला, तर कमिट न केलेले बदलही त्या टॅगमध्ये जायचे. काही फाइली जुन्या नंबरच्या, काही नव्या, एखादी अर्धवट बदललेली, असा मिश्र टॅग बिनबोभाट तयार व्हायचा.

‘हूक लावा’ असं उत्तर मिळायचं. कमिट पक्कं होण्याआधी सर्व्हरवर एक स्क्रिप्ट चालवायची आणि टॅगमधला बदल नाकारायचा. नुसत्या परवानग्यांनी हे साधत नसे, कारण नवा टॅग मारायलाही त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी लागतेच. सोबत येणारे हूकचे नमुने मात्र युनिक्सच्या शेल स्क्रिप्टमध्ये असायचे. विंडोज सर्व्हरवर तीच गोष्ट बॅच फाइलीत नव्याने लिहावी लागे. चार माणसांच्या कंपनीत हे काम ‘पुढच्या आठवड्यात’च राहायचं. जी शिस्त अवजाराने मुळातच पाळायची, ती प्रत्येक ऑफिसने स्वतंत्रपणे उभी करावी अशी अपेक्षा ठेवली गेली. मोठ्या कंपन्यांना ती परवडली.

खरं पाहता पक्की खूण सबव्हर्जनमध्येच होती. कमिटचा नंबर हलत नाही. सोबत येणारं ‘एसव्हीएनव्हर्जन’ चालवलं की ‘४१२३:४१६८एम’ असं काहीतरी छापून यायचं: फाइली या दोन नंबरांच्या दरम्यानच्या आहेत आणि शेवटच्या ‘एम’प्रमाणे कमिट न झालेला बदलही आहे. हा आकडा गिऱ्हाइकाच्या ‘अबाउट’ खिडकीत छापला असता तर निम्म्या तक्रारी उठल्याच नसत्या. पण सोय टॅगच्या नावाची होती, आणि वहीत नावच लिहिलं गेलं.

सीमाभागात या निर्णयाची झळ जास्त बसली, त्याचं कारण कर. १ एप्रिल २००५ पासून कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांत व्हॅट लागू झाला. सुरुवातीला सर्वसाधारण मालावरचा दर दोन्हीकडे १२.५ टक्के होता. पुढे कर्नाटकात तो चढत १४.५ टक्क्यांवर गेला, महाराष्ट्रात बराच काळ १२.५ वरच राहिला. रिटर्नचे फॉर्म वेगळे, मुदती वेगळ्या. कर्नाटकातल्या व्यापाऱ्याचा टिन, म्हणजे व्हॅटच्या नोंदणीचा, नंबर २९ ने सुरू व्हायचा आणि ११ आकडी असायचा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू व्हायचा आणि त्याच्या शेवटी ‘व्ही’ लावायची रीत होती. ११ अक्षरांची जागा धरून लिहिलेला बिलाचा साचा चंदगडला नेला की शेवटचं अक्षर गळायचं.

बेळगावात बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्याचं गिऱ्हाईक दोन्ही बाजूंना. खानापूर आणि निपाणी कर्नाटकात, चंदगड आणि गडहिंग्लज महाराष्ट्रात. कॉपी स्वस्त होतीच, म्हणून प्रत्येक राज्यासाठी एक ब्रँच काढली गेली आणि ती वर्षानुवर्षे चालू राहिली. दर आणि फॉर्म सेटिंगमध्ये ठेवून कोड एकच ठेवणं शहाणपणाचं होतं, पण ब्रँच काढणं काही सेकंदांचं काम आणि सेटिंगची रचना बसवणं काही आठवड्यांचं. घाईच्या माणसाने काय निवडलं असेल हे सांगायला नको. सबव्हर्जनने मर्जची आठवण ठेवायला सुरुवात केली ती जून २००८ च्या १.५ मध्ये. तोवर कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंतचे बदल आणले, हे लॉगच्या मजकुरात हाताने लिहावं लागे.

भाषेनेही भर घातली. युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची एकच संकेतपद्धत) रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टांत आणि कन्नड मजकूर नुडीत टाइप केलेला असायचा. दोन ब्रँचमधला फरक काढला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. मर्ज करणाऱ्याला बदललेली ओळ वाचताच येत नसे, मग ती बरोबर की चूक हे ठरवणार कसं? दोन ब्रँच एकमेकींपासून दूर जाण्याचं हे कारण बाहेरच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

ज्या महिन्यात व्हॅट आला त्याच महिन्यात गिट हे नवं अवजारही आलं. लिनक्सचा कोड सांभाळणाऱ्यांना मिळत असलेल्या एका व्यापारी अवजाराची फुकट परवानगी काढून घेतली गेली, आणि ७ एप्रिल २००५ ला गिटचं पहिलं कमिट झालं. मर्क्युरिअल हे तसंच दुसरं अवजारही त्याच महिन्यातलं. गिटमध्ये कमिटचं नाव त्याच्या मजकुरावरून आणि मागच्या इतिहासावरून काढलेलं असतं. आत एक अक्षर बदललं तरी नाव बदलतं. ब्रँच म्हणजे त्या ४० अक्षरी नावाकडे बोट दाखवणारी ४१ बाइटची फाइल. साधा टॅगही तसाच, फक्त नवं कमिट केलं तरी तो जागचा हलत नाही. दुसरा प्रकार सविस्तर टॅगचा. त्यात कुणी मारला, कधी, कशासाठी ही नोंद असते आणि त्यावर डिजिटल सहीही करता येते. गिऱ्हाइकाला द्यायच्या आवृत्तीला हाच टॅग मारावा, असं माझं ठाम मत आहे. मर्क्युरिअलने टॅगची यादी ‘.एचजीटॅग्स’ नावाच्या फाइलीत ठेवली आणि तिचाही इतिहास राखला. त्यामुळे टॅग मारला की एक नवं कमिट पडतं, आणि बदल मागे दिसतो.

तरीही गिटने काम अर्धंच केलं. जुना टॅग जोर लावून हलवता येतोच. त्याच्या माहितीपुस्तिकेत याबद्दल वेगळं प्रकरण आहे आणि सल्ला स्पष्ट आहे: एकदा बाहेर गेलेला टॅग चुकला तर चूक कबूल करा आणि नव्या नावाने दुसरा मारा. अवजारात अडसर मात्र उशिरा आले. सर्व्हरवरचा टॅग जोर न लावता बदलण्याला २०१३ च्या १.८.२ पासून नकार मिळू लागला. दुसऱ्याने हलवलेला टॅग आपल्याकडे गुपचूप येऊन बसणं थांबलं ते डिसेंबर २०१८ च्या २.२० मध्ये. टॅग मारला तरी नुसत्या पुशने (आपली कमिटं सर्व्हरवर पाठवण्याने) तो सर्व्हरवर जात नाही, वेगळा पाठवावा लागतो. सबव्हर्जनवरून आलेली माणसं इथे हटकून अडखळतात.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यवार ब्रँचचं कारणच संपलं. व्यापाऱ्याचा नोंदणी नंबर १५ अक्षरी झाला, पहिले दोन आकडे २९ आणि २७ तेच राहिले. राज्यातल्या विक्रीवर दोन कर, राज्याबाहेरच्या विक्रीवर एक, हे दोन्ही हिशेब आता एकाच दुकानाच्या बिलात यायला लागले. दोन ब्रँच एक कराव्याच लागल्या, आणि तेव्हा जुन्या ‘३.२’मध्ये नेमकं काय आहे हे शोधण्यात किती जणांच्या रात्री गेल्या ते इथल्या माणसांना विचारावं. सबव्हर्जन सोडून गिटवर येण्याचा मुहूर्त बऱ्याच ठिकाणी तोच ठरला. २०१० मध्ये मांडलेली, डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स अशा ब्रँचची रचना तेव्हा जशीच्या तशी उचलली गेली. वेबवर सतत बदल सोडणाऱ्या टीमनी साधी पद्धत घ्यावी, असं तिच्याच लेखकाने २०२० मध्ये लिहिलं. त्याच वर्षी मुख्य ब्रँचच्या ‘मास्टर’ या नावाऐवजी ‘मेन’ रूढ व्हायला लागलं. नाव बदललं, कामात काही फरक पडला नाही.

मार्च २०२५ मध्ये हलत्या टॅगचा प्रश्न जगभर पोहोचला. २३ हजारांहून अधिक रिपॉझिटरींमध्ये वापरलं जाणारं, बदललेल्या फाइलींची यादी काढून देणारं एक छोटं अवजार हल्लेखोरांच्या हाती लागलं. त्यांनी नवी आवृत्ती काढलीच नाही. जुन्या आवृत्त्यांचे बहुतेक सगळे टॅग उचलून एकाच घातक कमिटवर नेऊन ठेवले. ज्यांनी टॅगच्या नावाने अवजार बोलावलं होतं, त्यांच्याकडे नेहमीच्याच नावाखाली नवा कोड चालला आणि पासवर्डसारखी गुपितं त्या कामाच्या लॉगमध्ये छापली गेली. ज्यांनी टॅगऐवजी पूर्ण ४० अक्षरी कमिट लिहिलं होतं, त्यांच्याकडे जुनाच कोड चालत राहिला.