तेरा मीटरांचा हिशोब

उभ्या टेम्पोमागून एखादं पोर पळत रस्त्यावर येतं. समोरून येणारी गाडी 13 मीटरांवर आहे. गाडीचा वेग ताशी 30 किलोमीटर असेल, तर पोर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी सव्वाआठ मीटर पुढे सरकते. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील, तर आणखी साडेचारेक मीटरांत ती थांबते. पोर वाचलं. हीच गाडी 50 च्या वेगात असेल, तर तो एक सेकंद संपेपर्यंत तिने जवळपास 14 मीटर कापलेले असतात. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच धडक, आणि तीही पुऱ्या वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 50 च्या धडकेत 30 च्या पावणेतीन पट ऊर्जा असते.

आता सोलापुरातला विजापूर रोड डोळ्यांसमोर आणा. रस्ता रुंद नि सरळ दिसला की पाय आपसूक ॲक्सिलरेटरवर जातो. ‘वाहने सावकाश हाका’ या पाटीवर माझा फारसा भरवसा नाही. वेग उतरवायचा तर रस्त्याची आखणीच बदलायला हवी. चौकातल्या कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवली की वळतानाही कुणी वेग कमी करत नाही. ती आवळली की करावाच लागतो.

कुठला कोपरा आवळायचा, हे कोण सांगणार? पोलिसांच्या नोंदीत घडलेले अपघात सापडतात, थोडक्यात टळलेले नाही. ते माहीत असतात तयार विड्या कारखान्यात पोचवायला निघालेल्या बायकांना आणि सायकलवर पाळीला जाणाऱ्या यंत्रमाग कामगारांना. नकाशा पसरून पहिल्या खुणा त्यांच्याकडूनच करून घ्याव्यात.

मग मोजमाप. रस्त्याकडेला एकमेकींपासून 30 मीटरांवर खडूच्या दोन खुणा करा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. गाडीला 3.6 सेकंद लागले तर वेग 30; 2.16 सेकंदांच्याही आत गेली तर 50 च्या वर. (उभं राहायचं ते जरा आडोशाला. पाहणारं कुणी दिसलं की लोक लगेच शहाण्यासारखी गाडी चालवतात.) रस्ता ओलांडणाऱ्यांचीही वेळ घ्या. 14 मीटर रुंद रस्ता सेकंदाला 1.2 मीटर चालणारा माणूस 12 सेकंदांत पार करतो, 0.8 मीटरने चालणाऱ्या आजींना साडेसतरा लागतात. सिग्नल बाराव्या सेकंदालाच बदलला, तर उरलेले जवळपास साडेचार मीटर त्यांनी गाड्यांतून वाट काढायची. मधोमध थांबायला दुभाजकात जागा असेल, तर निम्मं संकट टळतं.

फुटपाथला टेप लावा. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या निकषानुसार चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. विजेची डीपी, दुकानाची पायरी आणि उभ्या दुचाक्या वजा करून काय उरतं ते लिहा. नकाशावर सावलीही दाखवा, हे विसरू नका. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की सोलापूरकर झाडाखालून चालतो, मग उन्हातला फुटपाथ कितीही चकचकीत असो.

काँक्रीट ओतायची घाई नको. महापालिका आणि वाहतूक शाखेची परवानगी घेऊन नवा कोपरा आधी फक्कीने आखायचा, कडेला प्लास्टिकचे कोन मांडायचे, सिटी बस आणि पाण्याचा टँकर वळतो का ते पाहायचं. आठवडाभराने त्याच खडूच्या खुणांवर पुन्हा स्टॉपवॉच लावायचं. आकडा अजूनही तीन सेकंदांच्या खालीच असेल, तर कोन रस्त्यात आणखी फूटभर आत सरकवायचे.