कंदील विझला नाही, म्हणून टाकी सुरक्षित?

“टाकीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडा, विझला नाही तर आतली हवा चांगली.” कारखान्यांच्या सांडपाणी टाक्यांबाबत हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो. जुन्या विहिरींवरून तो आला असावा आणि त्यात थोडं तथ्यही आहे: प्राणवायू फार कमी असेल तर ज्योत विझते.

पण ती विझते साधारण १६ टक्क्यांच्या आसपास. माणसाला किमान १९.५ टक्के लागतो. शिवाय गाळातला हायड्रोजन सल्फाईड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू १०० पीपीएमलाच जिवावर बेतू शकतो. १०० पीपीएम म्हणजे हवेचा फक्त ०.०१ टक्का, ज्योतीवर त्याचा काहीच परिणाम दिसत नाही. त्या पातळीला नाकही बधिर होतं, त्यामुळे “वास गेला” हीसुद्धा खूण नव्हे. मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर कंदिलानेच स्फोट होईल.

खात्री करायची तर हवेतले वायू मोजणारा गॅस मीटर हवा. आधी मोकळ्या हवेत तो प्राणवायू २०.९ टक्के दाखवतो ना, बघा. मग नळी किंवा दोरीने वर, मध्ये, तळाशी मोजा. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो, म्हणून काम चालू असताना मोजणी आणि पंख्याची हवा दोन्ही सुरूच ठेवा. आतला माणूस कोसळला तर श्वसनयंत्राशिवाय कुणीही मागे उतरू नये. त्याला बाहेरूनच ओढता यावं म्हणून पट्टा आणि दोर आधीच बांधलेला असतो.