पेशंटजवळचं माणूस : घरच्यांच्या शुश्रूषेची पार्श्वभूमी

बेळगावचं सिव्हिल असो, खानापूरचा तालुका दवाखाना असो की निपाणी-चिकोडीकडून मिरजेला हलवलेला पेशंट, त्याच्याजवळ घरचं एक माणूस असतंच. सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारणं, भांडं देणं, कूस बदलणं, पेज भरवणं हे सगळं तेच करतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीत हे गणित क्वचितच जुळतं. उरलेलं काम घरचे उचलतात, पण ते कसं करायचं हे त्यांना फार उशिरापर्यंत कुणी शिकवलं नाही.

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं. अथणी-कागवाडकडचे लोक आजही मिरजेचीच वाट धरतात. त्या काळी मिशनच्या दवाखान्यांत नातेवाईक पेशंटबरोबर मुक्कामाला येत आणि आवारातच चूल मांडत. पुढे प्रशिक्षित नर्सिंग आलं, निर्जंतुकीकरणाची शिस्त आली आणि नातेवाइकांना भेटीच्या वेळेपुरतंच आत सोडलं जाऊ लागलं. हे जगभर झालं. आजारी मुलाजवळ आईला राहू द्यावं, हे ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट समितीला अहवालात लिहून सांगावं लागलं.

आपल्या देशात त्याआधीच वेगळी वाट निघाली होती. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून कुटुंबांना पेशंटबरोबर ठेवलं. आजार काय आहे हे घरच्यांना कळू लागलं आणि पेशंट घरी परतू लागले. वेल्लोरचं मिशन हॉस्पिटल आणि बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था यांनी हाच धागा पुढे नेला.

कॅनडात लोरेन राइट आणि मॉरीन लेही या नर्सिंगच्या अभ्यासकांनी १९८४ मध्ये कुटुंबाची पाहणी करण्याची पद्धत मांडली : तीन पिढ्यांचा आराखडा काढायचा आणि घरात कोण काय करतं हे विचारायचं. आपल्याकडे याचा मोठा उपयोग आहे. पेशंटजवळ सून बसते, पैशाचं थोरला मुलगा बघतो आणि ऑपरेशनला हो म्हणायचं की नाही हे चुलते ठरवतात. सगळं शिकवलं कोल्हापूरहून आलेल्या लेकीला आणि ती दोन दिवसांत सासरी परतली, तर ती मेहनत वाया गेली. म्हणून पहिला प्रश्न हा हवा : घरी गेल्यावर पेशंटचं कोण करणार?

सर्वांत मोठा बदल नवजात कक्षात झाला. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयानं आईबापांना बंद कक्षात आत घेऊन शिकवलं आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी घेतल्यावर मृत्यू २५ टक्क्यांनी घटले.

नवजात कक्षात जाताना अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढायच्या, नखं कापलेली हवीत, हात कोपरापर्यंत दोन मिनिटं धुवायचे. चुडा काढण्याबद्दल सासूशी आधी बोलून ठेवलं नाही, तर बाळंतीण दारातच अडते. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालायचे. छातीवर उभं, बेडकासारखे पाय दुमडून ठेवायचं आणि मऊ कापडानं बांधायचं. मान किंचित मागे हवी. ती पुढे वाकली की श्वास अडतो, आणि नवख्या आईकडून नेमकं हेच होतं. एका बैठकीत किमान तासभर ठेवायचं, कारण सारखं काढघाल केलं की बाळ दमतं आणि गार पडतं. आई दमली की बाप किंवा आजीनं घ्यावं.

सीमाभागात यात भाषेची अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. आज डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सूचनाफलक कन्नडमध्ये आणि घरात बरेच जण वाचणार फक्त मराठी. 'समजलं का?' असं विचारलं की सगळे मान डोलावतात. त्यापेक्षा करून दाखवायला सांगावं. नाकातल्या नळीनं भरवायचं असेल तर पेशंटला ३० ते ४५ अंशांवर बसवायचं. नळीवरची नाकाजवळची खूण जागेवर आहे ना आणि नळी तोंडात गुंडाळली नाही ना, हे पाहायचं. सिरिंजचा दट्ट्या न दाबता पेज आपसूक उतरू द्यायची आणि शेवटी २० ते ३० मिली पाणी सोडायचं. नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. खोकला उठला किंवा धाप लागली की लगेच थांबायचं. हे सगळं सुनेनं सिस्टरसमोर एकदा स्वतःच्या हातानं केल्याशिवाय नळीच्या पेशंटला घरी सोडू नये.