विंडोज संगणकासाठी मोफत बॅकअप सॉफ्टवेअर

विंडोज संगणकावरील फाइलींची किंवा संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या साधनावर ठेवणारे आणि गरज पडल्यावर ती परत आणून देणारे विनामूल्य प्रोग्रॅम या वर्गात मोडतात. निवड करणाऱ्याचे लक्ष बहुधा प्रत काढण्याच्या सोयींवर असते. पण प्रत तर कोणताही प्रोग्रॅम काढतो. विंडोज सुरूच होत नसताना किंवा नव्या मशीनवर ती उघडते का, हे आधी पाहायला हवे.

बॅकअपचे मुख्य प्रकार दोन. फाइल बॅकअपमध्ये निवडलेल्या फोल्डरांची प्रत निघते. इमेज बॅकअपमध्ये विंडोज, बसवलेले प्रोग्रॅम, सेटिंग आणि फाइली असा डिस्कचा सगळा ऐवज एकत्र साठवला जातो. घरचे फोटो, मुलांचे प्रकल्प, पत्रव्यवहार यांना पहिला प्रकार पुरतो. डीटीपी करणाऱ्याचे तसे नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर नव्या मशीनवर कॉपी केला आणि तिथे तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर निव्वळ गिचमिड दिसते. अशा ठिकाणी इमेज हवीच.

चालू संगणकाची इमेज काढता येते ती विंडोज एक्सपीपासून आलेल्या व्हॉल्यूम शॅडो कॉपी सेवेमुळे. ही सेवा डिस्कची एका क्षणाची स्थिती धरून ठेवते, म्हणून उघड्या फाइलींचीही प्रत निघते. पहिली प्रत पूर्ण काढून पुढे फक्त बदललेला भाग साठवणे, म्हणजे इन्क्रिमेंटल पद्धत, जागा वाचवते. मात्र साखळीतली एक कडी खराब झाली की तिच्या पुढच्या प्रती निकामी होतात. प्रत्येक वेळी पहिल्या पूर्ण प्रतीशी तुलना करणारी डिफरन्शियल पद्धत जास्त जागा खाते, पण तिला दोनच फाइली लागतात.

विंडोजसोबत फुकट मिळणाऱ्या साधनांचा इतिहास फारसा आश्वासक नाही. एक्सपीपर्यंत एनटीबॅकअप होते. व्हिस्टात ते काढले गेले आणि जुन्या बीकेएफ फाइली उघडण्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले. विंडोज 7 मधली सिस्टिम इमेजची सोय विंडोज 10 मध्येही राहिली, पण 2017 मध्ये कंपनीने ती यापुढे विकसित न होणाऱ्या सुविधांच्या यादीत टाकली. 2012 मध्ये विंडोज 8 सोबत आलेली फाइल हिस्टरी मात्र साधी आणि भरवशाची आहे. मूळ सेटिंगनुसार ती दर तासाला बदललेल्या फाइली बाह्य डिस्कवर टाकते, नावापुढे तारीख-वेळ जोडते आणि त्या साध्या फाइली म्हणूनच ठेवते. त्या उघडायला फाइल हिस्टरीचीही गरज नसते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या ऑनलाइन साठवणीची मोफत जागा 5 जीबी, म्हणजे फोटोंचा संग्रह असणाऱ्याला अगदीच अपुरी.

कंपन्यांच्या मोफत आवृत्त्यांचा धोका वेगळा. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षे अनेकांची पहिली पसंती होती. कंपनीने ती बंद केली आणि 2024 च्या सुरुवातीपासून तिच्या सुरक्षा-दुरुस्त्याही थांबल्या. व्हीम एजंट, एओमेई बॅकअपर, ईझअस टुडू आणि हॅस्लिओ यांच्या मोफत आवृत्त्या इमेज काढतात व पेनड्राइव्हवरून सुरू होणारी बचाव डिस्क बनवून देतात. प्रत्येकीचा फाइल-प्रकार आपापला असल्याने इंस्टॉलर आणि बचाव पेनड्राइव्ह दोन्ही जपून ठेवावे लागतात. दुकान वा कार्यालयासाठी परवानाही वाचावा, कारण मोफत म्हणजे पुष्कळदा फक्त घरगुती वापरासाठी मोफत.

मुक्त स्रोत प्रोग्रॅममध्ये तैवानच्या संशोधकांनी घडवलेले क्लोनझिला सर्वांत परिचित आहे. ते लिनक्सवर चालते, विंडोज बंद ठेवून पेनड्राइव्हवरून सुरू करायचे असते आणि त्याच्या मजकुरी पडद्यावर चुकीची डिस्क निवडली तर ती पुसली जाते. नवख्याने रेस्क्यूझिला घ्यावे. तेच काम माउसने होते. बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद केलेले डिस्कचे विभाजन या साधनांना सहसा बाहेरून वाचता येत नाही, म्हणून रिकाम्या जागेसह सगळे उचलले जाते आणि इमेज अवाढव्य होते. चालू विंडोजमधून काढलेल्या इमेजमध्ये उलट होते: माहिती कुलपाबाहेर येते, त्यामुळे बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड लागतो. डुप्लिकाटी, कोपिया आणि रेस्टिक फाइलींची कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय न वाचता येणारी प्रत काढतात. रेस्टिकचा पासवर्ड हरवला की माहिती गेलीच.

फ्रीफाइलसिंक आणि विंडोजमधली रोबोकॉपी आज्ञा यांना सरसकट बॅकअप म्हणणे चूक ठरेल. आरसा-पद्धतीत, म्हणजे दोन्ही ठिकाणचे फोल्डर हुबेहूब सारखे ठेवताना, मूळ फाइल चुकून पुसली, तर पुढच्या फेरीत तिची प्रतही पुसली जाते. फ्रीफाइलसिंकमध्ये जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आहे. ती चालू केल्यावरच हा आक्षेप मिटतो.

खंडणीखोर व्हायरसांमुळे प्रत कुठे राहते हा प्रश्न प्रोग्रॅमच्या नावाहून मोठा झाला. 2017 चा वॉनाक्राय विंडोजच्या शॅडो कॉपी पुसून टाकत असे. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक गोठवले. नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही त्यात अडकले. त्या कंपनीच्या नेटवर्कची मुख्य नोंद वाचली ती घानातल्या एका सर्व्हरवर, वीज गेल्यामुळे तो त्या वेळी बंद होता म्हणून. घरच्या पातळीवर याचा अर्थ एवढाच की काम झाले की बाह्य डिस्क काढून ठेवायची. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेल्या 3-2-1 नियमात तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत घराबाहेर असा हिशेब आहे.

बसवलेल्या प्रोग्रॅमची परीक्षा अर्ध्या तासात होते. बचाव पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, त्याला बाह्य डिस्क दिसते का ते पाहावे आणि इमेजमधून एखादी जुनी फाइल वेगळ्या फोल्डरात काढून उघडावी. काही लॅपटॉपांवर याच टप्प्याला अंतर्गत एसएसडी दिसत नाही. तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये घालून घ्यावा लागतो.