टाइपएरर आला की लगेच फ्लोट लावू नका
(लायब्ररी-जोडणीचं काम देणाऱ्या ग्राहकांसाठी)

पायथनमध्ये अचूक बीजगणित करणाऱ्या सिम्पायचं उत्तर आकड्यांच्या ॲरे (रांगा) हाताळणाऱ्या नमपायला चालत नाही, दशांश अचूक ठेवणाऱ्या डेसिमलमध्ये फ्लोट (दशांश संख्येचं संगणकातलं अंदाजे रूप) मिळवायला गेलं की पायथन टाइपएरर (प्रकार जुळत नसल्याचा एरर) देऊन थांबतो. अशा वेळी बहुतेक जण दिसेल तिथे फ्लोट() लावतात. एरर जातो आणि कोड आमच्याकडे येतो तो ‘शेवटचे आकडे जुळत नाहीत’ या तक्रारीसह. आमचा सगळ्यात जास्त वेळ हे फ्लोट शोधून काढण्यात जातो.

फ्लोट64 (पायथनचा नेहमीचा, 64 बिटांचा फ्लोट) मध्ये अचूकतेसाठी 53 बिट असतात. 9007199254740993 फ्लोट करून परत पूर्णांक करा, 9007199254740992 मिळेल. एक गेला, आणि कुठे इशारासुद्धा नाही. फ्लोट32 मध्ये हेच 16777217 ला होतं. गेलेला अंक नंतर डेसिमल करून परत येत नाही. डेसिमल(0.1) छापून बघा:

0.1000000000000000055511151231257827021181583404541015625

यात डेसिमलचा काही दोष नाही. त्याच्या हातात पडेपर्यंत 0.1 चा फ्लोट झालेला होता. तेच अवतरणचिन्हांत, डेसिमल('0.1') असं दिलं की बरोबर 0.1 राहतं. सिम्पायच्या रॅशनलला नुसतं 0.1 दिलं तर 3602879701896397/36028797018963968 असा अपूर्णांक येतो, अवतरणात दिलं तर 1/10. हवी तितकी अचूकता देणाऱ्या एमपीमॅथमध्ये ती 50 अंकांवर नेली तरी आत फ्लोटच गेला असेल तर उपयोग शून्य. आणि 1/3 असं उघडं लिहू नका, तो भागाकार सिम्पायच्या आधी पायथन उरकतो. रॅशनल(1, 3) लिहा.

पायथनचा फ्रॅक्शन (अपूर्णांक जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) जास्त फसवा. फ्लोट भेटला की तक्रार न करता स्वतःच फ्लोट होतो.

फ्लोट नकोच असं नाही. नमपायच्या ॲरेत सिम्पायच्या संख्या भरल्या की डीटाइप (ॲरेतल्या घटकांचा प्रकार) ‘ऑब्जेक्ट’ होतो: बेरीज-गुणाकार चालतात पण रडतखडत, साइन अडतो आणि समीकरणं सोडवणारा सॉल्व्ह तर नकारच देतो. तिथे ॲझटाइप(फ्लोट), म्हणजे अख्ख्या ॲरेचा फ्लोट करणं, हवाच. फक्त अचूक गणित संपल्यावर, एकाच ठिकाणी, एकदाच. सूत्र हजारो किमतींवर चालवायचं असेल तर सूत्राचं आकड्यांवर चालणारं फंक्शन करून देणारं सिम्पायचं लॅम्बडिफाय वापरा.

पूर्णांकांतही गोची आहे. पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, नमपायचा इंट64 वाढत नाही. इंट64 च्या ॲरेत 20! (1 ते 20 चा गुणाकार) मावतं, 21! काढलं की एरर न येता -4249290049419214848 मिळतं. नमपाय 2.0 च्या आधी विंडोजवर मूळ पूर्णांक 32 बिटांचा होता, म्हणजे तिथे 13! लाच गाडी घसरते. ‘माझ्या मशिनवर चालतं’ याचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

काम देताना मूळ सीएसव्ही जशीच्या तशी द्या. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली नको. एक्सेल 15 अंक ठेवतो, पुढे शून्यं भरतो. तक्ते हाताळणाऱ्या पांडाजने वाचत असाल तर लांब क्रमांकांचा रकाना एसटीआर (मजकूर) म्हणून वाचा, कारण त्यात एक जागा जरी रिकामी असली तर एरवी अख्खा रकाना फ्लोट64 होतो. आम्ही मूळ फाइलसाठी अडून बसतो ते काहींना जाचक वाटतं, पण पुसलेले अंक आम्हालाही परत आणता येत नाहीत.

सोबत पिप फ्रीझची यादी (बसवलेल्या लायब्ररी आणि त्यांच्या आवृत्त्या) आणि एररचा पूर्ण मजकूर हवा, फक्त शेवटची ओळ नको. आमच्याकडून रूपांतराची एकच वेगळी फाइल मिळते, आणि वर दिलेल्या सगळ्या संख्यांवरच्या चाचण्या तिच्यासोबत. लायब्ररीची आवृत्ती बदलली की त्या चाचण्या चालवा. एखादी अडली तर तेवढीच आमच्याकडे पाठवा, पूर्ण कोड नको.